कॅलेंडरवरची पाखरं

मैत्रिणींनो, आज एक कबुली देऊनच सुरुवात करते.

२०२२ सालचा आषाढ. बार्शीच्या आमच्या घरामागं कागदी लिंबाचं झाड आहे. त्याची एक फांदी वाळत घातलेल्या कपड्यांपर्यंत आली होती. दोन साड्यांना खोच लागली, तेव्हा मी वैतागून बागेच्या कामाला येणाऱ्या मामांना म्हटलं, "मामा, ती फांदी छाटून टाका बरं एकदाची!" त्यांनी छाटली. संध्याकाळी पाला गोळा करताना तीन-चार पानं एकमेकांना चिकटलेली दिसली. कीड लागली असेल म्हणून उचकटायला गेले, तर पानांच्या कडांना चक्क टाके घातलेले! आपण उशीच्या अभ्र्याला कच्ची टीप मारतो ना, तसे. आत कापसाची गादी आणि गादीवर तीन अंडी. त्यातलं एक फुटलेलं.

कापूस मी ओळखला. माझाच होता. वाती वळायला म्हणून पडवीत परडीत ठेवलेला.

फांदी सुतळीनं परत झाडाला बांधली. दुसरं काय करणार? तांबूस टोपीची, हिरवट पाठीची, शेपटी ताठ उभी धरणारी एक एवढीशी पक्षीण दोन दिवस त्या झाडाभोवती "टुविट टुविट" करत फिरत होती. तिसऱ्या दिवशी पानं सुकून टाके सुटले आणि आवाजही थांबला. मी हळहळत बसले, तर सासूबाई म्हणाल्या, "शिंपी पाखरू ते. दरसाल असतंय की लिंबावर. तुला ठाऊक न्हाई?"

नव्हतं ठाऊक. लग्न होऊन या घरात येऊन मला एकोणीस वर्षं झाली होती. डाळीचा भाव, मुलांच्या परीक्षा, गॅसचा नंबर, सगळं पाठ. पण माझ्याच कापसावर माझ्याच परसात दरवर्षी कुणाचं तरी बाळंतपण होत होतं, हे मला माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून मी बघायला लागले. वही वगैरे काही आणली नाही. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं, त्याच्या चौकटीत दुधाचा हिशोब असतो, त्याच्याच शेजारी लिहायला लागले. 'दूध दीड, शिंजीर.' 'दूध एक, दूधवाला आला नाही, भारद्वाज.' भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो म्हणतात. त्या दिवशी दूध नासलं होतं. असो.

आता "पक्षीनिरीक्षण" म्हटलं की आपल्यापुढं येतात ते हातभर लांब लेन्सचे कॅमेरे घेतलेले, खाकी टोप्या घातलेले पुरुष. ते पहाटे चारला गाडी काढून नांदूर मधमेश्वरला जातात, उजनीला जातात. जावं की! नांदूर मधमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, बघण्यासारखंच आहे. पण पहाटे चारला एकटीनं तलावावर जायचं म्हटलं, तर तुम्हाआम्हाला किती जणांना उत्तरं द्यावी लागतील? आणि सातच्या शाळेचे डबे कोण भरणार? म्हणून मी ठरवलं, की जे पाखरू माझ्या मागच्या दारी येईल तेच माझं. आजपर्यंत सदतीस जाती लिहिल्या गेल्यात. मागचं दार काही लहान नसतं, बायांनो.

दुर्बिणीची गंमत सांगते. मुलानं पहिल्या पगारातून मला दुर्बीण घेऊन दिली. गच्चीवर जाऊन मी ती डोळ्याला लावली आणि दोनच दिवसांत समोरच्या वहिनी सासूबाईंना म्हणाल्या, "तुमची सून गच्चीवरनं कुणाच्या घरात बघती हो?" सासूबाई कसल्या ऐकतात! म्हणाल्या, "तुझ्या घरात बघण्यासारखं काय हाय गं?" पण मला मात्र दोन रात्री झोप लागली नाही. शेवटी त्याच वहिनींना चहाला बोलावलं, दुर्बीण त्यांच्या हातात दिली आणि तारेवरचा शिंजीर दाखवला. उन्हात त्याचं अंग जांभळं-निळं चमकत होतं, पैठणीच्या पदरासारखं. वहिनी म्हणाल्या, "अगंबाई, हा तर नुसता काळा दिसतो लांबून!" आता कुणी नवीन पाखरू आलं, की पहिला निरोप त्यांचाच येतो.

या वाटेनं आपल्या आधीही बाया गेलेल्या आहेत. जमाल आरा नावाच्या एक बाई होत्या, १९२३ साली बिहारमध्ये जन्मलेल्या. औपचारिक शिक्षण फारसं नाही. छोटा नागपूरच्या भागात फिरून, बघून, टिपणं काढून त्यांनी लेख लिहिले आणि १९७० साली नॅशनल बुक ट्रस्टनं त्यांचं 'वॉचिंग बर्ड्स' हे मुलांसाठीचं पुस्तक काढलं. सालीम अलींचं नाव आपल्या सगळ्यांच्या कानावर असतं, असायलाच हवं. जमाल आरांचं मात्र मी परवापरवापर्यंत ऐकलं नव्हतं.

आता माझ्या कॅलेंडरची पानं उलटते.

चैत्र-वैशाख हे खरे पाखरांचे महिने. पहाटे साडेचार-पाचला, मी नळ सोडायला उठते तेव्हा दयाळ शीळ घालत असतो. काळा-पांढरा, रुबाबदार, शेंड्यावर बसून गातो. सूर दर वेळी वेगळे. दुपारी मात्र सगळं चिडीचूप होतं आणि फक्त तांबट ठोकत बसतो. टुक, टुक, टुक, टुक. पुण्याच्या तांबट आळीत पातेलं ठोकतात ना, अगदी तोच ठेका, म्हणून नाव तांबट. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, कपाळावर लाल टिळा. आणि कोकीळ! इथं मला एक जुना हिशोब चुकता करायचाय. चांगलं गाणाऱ्या बाईला आपण गानकोकिळा म्हणतो, पण 'कुहू' गातो तो नर. काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर ठिपके. ती नुसती 'किक किक' करत पळते आणि अंडी घालते कावळ्याच्या घरट्यात. गाणं त्याचं, बिऱ्हाड कावळिणीचं आणि नाव हिचं.

याच महिन्यांत पाणी ठेवायचं. आमच्या भागात उन्हाळ्यात पाण्याचा थेंब न् थेंब मोजावा लागतो, पण पाखरांना असं किती लागतं? भाजी धुतलेलं एक तांब्या पाणी पुरतं. मातीची पसरट परळ घ्या, दोन-तीन बोटं पाणी, मधे एक दगड. खोल भांड्यात लहान पाखरू बुडतं. रोज पाणी ओतून काथ्यानं घासायचं, नाहीतर डासांची अंडी आणि पाखरांचे आजार दोन्ही वाढतात. परळ झुडपाच्या अगदी पोटाशी ठेवू नका, तिथं मांजर दबा धरून बसतं. मी हे शिकले ते एका बुलबुलाची पिसं गोळा केल्यावरच.

मृगाच्या आधी पावशा ओरडायला लागतो. शेतकऱ्याला तो "पेरते व्हा" म्हणतो असं आपल्याकडं म्हणतात, आमच्या वहिनींना तो "पैसे दे, पैसे दे" म्हणतो असं वाटतं. मग चातक येतो, थेट आफ्रिकेतून, पावसाच्या वाऱ्यांसंगं. आणि गावाबाहेरच्या विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे लटकायला लागतात. बहिणाबाईंनी हा खोपा घराघरांत पोचवला. विणकर मात्र नर बरं का! पिवळ्या डोक्याचा तो गडी गवताच्या पात्या आणून अर्धा खोपा विणतो आणि पंख फडफडवत वाट बघतो. मादी येते, आत शिरते, ओढून बघते, पसंत पडला तर राहते. नाही पडला तर निघून जाते. मुलगी बघण्याचा कार्यक्रम नाही, घर बघण्याचा कार्यक्रम! तेवढ्यावर त्याचं कौतुक थांबवते, कारण एकदा ही नांदायला आली की स्वारी शेजारच्या फांदीवर दुसरा खोपा विणायला मोकळी.

थंडीतला माझा लाडका पाहुणा म्हणजे थिरथिरा. काळपट अंग, विटकरी पोट, शेपटी सारखी थरथरत असते, जणू थंडी भरलीय. हिमालयापलीकडून, मध्य आशियाकडून हे एवढंसं पाखरू आमच्या बार्शीत येतं आणि हौदाच्या कठड्यावर बसतं. कॅलेंडरवरच्या नोंदी सांगते: २०२२ साली ९ ऑक्टोबर, २०२३ला ४ ऑक्टोबर, २०२४ला ११, २०२५ला ७. तोच येतो की त्याचा कुणी भाऊबंद, देव जाणे. पण दसरा-दिवाळीच्या आसपास हौदाकडं माझं लक्ष लागलेलं असतं, माहेरवाशिणीची वाट बघावी तसं.

शिवाय भोरड्या. ज्वारीच्या दिवसांत त्यांचे थवे बघितले नाहीत असा सोलापूरकडचा माणूस नसेल. गुलाबी-काळ्या मैनाच त्या, हजारांनी येतात, संध्याकाळी आभाळात पदर झटकावा तसा सगळा थवा वळतो. शेतकरी त्यांना हुसकावतो, बिचाऱ्याचं नुकसान होतं. पण त्या टोळही फस्त करतात, हेही तितकंच खरं. पळस, पांगारा, काटेसावर फुलली की मधावर तुटून पडतात आणि एप्रिलमध्ये परत जातात.

चिमण्यांबद्दल सगळ्याच जणी विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. "चिमण्या संपल्या, मोबाइलच्या टॉवरनं मारल्या" असं सरसकट बोललं जातं. टॉवरवर खापर फोडणं सोपं आहे, पण तसं ठाम सिद्ध झालेलं नाही. देशभरातल्या नोंदींवरून २०२० साली जो अहवाल निघाला, त्यात चिमणीची एकूण संख्या साधारण स्थिर दिसली. घट दिसली ती मुंबईसकट सहा महानगरांत. म्हणजे आपल्या लहान गावांत अजून त्या आहेत, आणि राहतील की नाही हे बरंचसं आपल्या अंगणावर आहे.

आठवून बघा. आपल्या आया सुपात धान्य पाखडायच्या. कणी, कोंडा, किडे अंगणात पडायचे आणि चिमण्या टिपायच्या. आता पीठ पिशवीतून येतं. कौलं गेली, फोटोच्या फ्रेमा भिंतीला टेकून तिरक्या लावायचो त्या गेल्या. चिमणीला घरटं करायला फटच उरली नाही. त्यातून लाकडी खोपा टांगून एकवेळ भागेल. पण चिमणीची पिल्लं पहिले काही दिवस दाणे खात नाहीत, त्यांना अळ्या-किडे लागतात. ते येतात मातीतून, झुडपातून, तणातून. आणि तेच आपण फरशीखाली घालतोय.

इथंच माझ्या घरातलं या वर्षीचं भांडण सुरू होतं.

फाल्गुनात ह्यांनी आणि भाऊजींनी ठरवलं, की परसात पेव्हर ब्लॉक घालायचे. चिखल नको, गवत नको, दोन गाड्या लावता येतील. भिंतीलगतचा शेवगा अर्धा वाळलाय, तो काढायचा. सगळं ठरलं, माणूस येऊन मापंही घेऊन गेला. मी काहीच बोलले नाही. (मैत्रिणींनो, आपण बहुतेक वेळा असंच करतो की नाही?) तीन दिवसांनी दुपारी त्याच शेवग्याच्या वाळक्या फांदीखाली भुसा पडलेला दिसला. वर बघितलं तर फांदीच्या खालच्या अंगाला लिंबाएवढं गोल भोक आणि भोकातून बाहेर आलेली हिरवी शेपटी. तांबट! आळीपाळीनं दोघं कोरत होते. त्यांना वाळकंच लाकूड लागतं, हिरव्या झाडात त्यांची चोच चालत नाही. आपण ज्याला "वाळलं, काढून टाका" म्हणतो, तेच त्यांचं बाळंतिणीचं घर.

मला तो लिंबाचा पाला आठवला. रात्री जेवताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की शेवगा आत्ता तोडायचा नाही. भाऊजी हसले. हे म्हणाले, "एका पाखरासाठी काम थांबवायचं? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोक म्हणतील यांच्याकडं शेवगा आहे." मग आवाज चढले. माझाही चढला. गाडी लावायला जागा हवी हे खरंच आहे, ती काही चैन नाही. पण सगळं अंगण सिमेंटखाली गेल्यावर पावसाचं पाणी कुठं मुरणार, बोअर कशावर टिकणार, आणि चैत्रातही तापलेल्या फरशीवर अनवाणी कपडे वाळत कोण घालणार? या शेवटच्या प्रश्नावर मात्र सगळे गप्प बसले.

कायद्याचंही बोलले मी. आपल्याकडं १९७५चा वृक्ष जतनाचा कायदा आहे; शहरी भागात झाड तोडायला परवानगी लागते, झाड आपल्या आवारातलं असलं तरी. तसंच १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा. आपल्या रानातले पक्षी पिंजऱ्यात ठेवणं त्यानं गुन्हा आहे, तो "मिठू मिठू" म्हणणारा हिरवा पोपटसुद्धा! आमच्या गल्लीत अजून दोन पिंजरे आहेत. सांगून बघितलं, रुसवे झाले. पुन्हा सांगणार आहे.

आणि आसामचंही सांगितलं. तिकडं हरगिला नावाचा मोठा, टकल्या, दिसायला अगदी ओंगळ म्हणावा असा करकोचा आहे. घाण करतो, अपशकुनी आहे म्हणून लोक त्याच्या घरट्याची झाडं तोडायचे. पूर्णिमा देवी बर्मन या संशोधक बाईंनी गावातल्या बायकांना गोळा केलं. उपदेश नाही केला. विणीच्या दिवसांत हरगिल्यांचं चक्क डोहाळजेवण केलं! गाणी, पूजा, सगळं. बायका मागावर साड्यांवर हरगिल्याची नक्षी विणायला लागल्या, चार पैसे मिळायला लागले आणि झाडं तोडणं थांबलं. पूर्णिमाबाईंना २०१७ साली नारीशक्ती पुरस्कार मिळाला, २०२२ साली संयुक्त राष्ट्रांचा सन्मान मिळाला. आमच्याकडं मात्र सोलापूरच्या वाटेवर नान्नजला माळढोकांचं अभयारण्य आहे आणि माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते. हरगिला वाचवणाऱ्या बायका तिकडं वेळेत जमल्या, एवढाच काय तो फरक.

डोहाळजेवण म्हटल्यावर सासूबाईंचे कान टवकारले. त्या इतका वेळ भाकरी कुस्करत होत्या. म्हणाल्या, "पिल्लं उडूस्तवर फांदीला हात लावायचा न्हाई. वटपौर्णिमेनंतर बघू." विषय संपला.

पुरता जिंकले असं नाही. निम्म्या परसात ब्लॉक बसणार आहेत, निम्मी माती माझी. लिंबू, जास्वंद, अळू आणि शेवगा माझ्या बाजूला. वाळकी फांदी अंगावर पडेल अशी नाही ना, ते मामांकडून बघून घेतलंय. छाटणी आता मी थंडीत, आधी झाड खालून वर निरखूनच करते.

तुमच्यासाठी दोन-चार गोष्टी, सुचल्या तशा. पाखरांना शेव-चिवडा घालू नका. मीठ-तेल त्यांना सोसत नाही, बाजरी-ज्वारीची कणी पुरे. कबुतरांना पोत्यानं दाणे घालायचं पुण्य तर नकोच. त्यांची संख्या आधीच फुगलीय, विष्ठेनं फुप्फुसाचे आजार होतात. २०२५ साली मुंबईच्या कबुतरखान्यांचा वाद थेट कोर्टात गेला तो त्यासाठीच. संक्रांतीला पोरांच्या हातात नायलॉनचा मांजा देऊ नका. २०१७ सालीच त्यावर बंदी आलीय, तरी जानेवारीत झाडाझाडाला लटकलेला दिसतो, त्यात पाय अडकून घारी-कावळे तडफडतात. आणि हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचा डबा वाण देण्यापेक्षा मातीची परळ द्या. मागच्या संक्रांतीला मी एकवीस लुटल्या. कुंभारीण म्हणाली, "ताई, यंदा पणत्यांपेक्षा परळंच जास्त गेली."

लिहायची सवयही लावून घ्या. आपल्या नोंदींना कोण विचारतो असं वाटतं ना? २०२३ सालचा देशातल्या पक्ष्यांचा अहवाल तीस हजार साध्या माणसांच्या तीन कोटी नोंदींवर उभा होता, ९४२ जातींचा त्यात आढावा आहे. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातल्या पक्ष्यांची मोजणी होते, भारतात २०१३पासून. पंधरा मिनिटं मागच्या दारात उभं राहायचं आणि दिसलं ते मोजायचं. कुकरच्या चार शिट्ट्या होईपर्यंत होतं. आपल्या राज्यातही ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सालीम अलींच्या वाढदिवसापर्यंत. चितमपल्ली आमच्या सोलापूरचे. जून २०२५ मध्ये गेले. पाखरांची किती मराठी नावं त्यांनी जपून ठेवली! सासूबाई बोलतात त्यातली काही मला त्यांच्या 'पक्षीकोशा'त सापडली, तेव्हा त्यांना वाचून दाखवली. "मग? मी काय खोटं सांगत हुते?" हे त्यावरचं उत्तर.

आज सकाळी भोकातून तांबटाचं लाल कपाळ बाहेर डोकावत होतं. दुसरा चोचीत उंबराचं फळ घेऊन तारेवर बसलेला. मी पोळ्या करत होते, लिहायला उठले नाही. दुपारी हिशोबाला कॅलेंडर काढलं, तर दुधाच्या आकड्याशेजारी सासूबाईंच्या थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं: 'ताबट, दोन. खायला आणलं.'